विकणाऱ्याला काय म्हणावे? व्यापारी, अडत्या, दुकानदार, विक्रेता आणि '-वाला' यांचा नेमका वापर

काही वर्षांपूर्वी पारोळा तालुक्यातील माझ्या मामांचे मक्याचे पैसे अडकले, आणि अर्ज लिहून देण्याचे काम साहजिकच घरातल्या 'मराठीवाल्या' भाच्याकडे आले. मी लिहिले, 'व्यापाऱ्याने माल नेला, परंतु रक्कम अद्याप दिलेली नाही.' वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती, तरीही अर्ज आठ दिवसांनी परत आला. त्यावर शेरा होता, 'कोणता व्यापारी? हिशेबपट्टी कोणाची?' मामांच्या हातातली हिशेबपट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, अडत्याची होती. मका ज्याने विकत घेतला, त्या व्यापाऱ्याचे तोंडही मामांनी पाहिले नव्हते. ज्याने पट्टी करून दिली त्याच्याकडेच पैसे मागायचे असताना, मी एका शब्दाने तक्रारीचे बोट दुसऱ्याच माणसाकडे वळवले होते.

तेव्हापासून अर्ज, बातमी, दुकानाची पाटी किंवा साधे निवेदन लिहिताना विकणाऱ्यासाठी शब्द निवडण्यापूर्वी मी एक प्रश्न स्वतःला विचारतो : विकला जाणारा माल कोणाचा आहे? हा माणूस कोठे बसून विकतो आणि आपण हे कोणासाठी लिहीत आहोत, हे प्रश्न नंतरचे. पहिल्याचे उत्तर चुकले की पुढचे सगळे शब्द शोभेपुरते उरतात.

माल कोणाचा?

व्यापारी स्वतःच्या पैशाने माल विकत घेतो आणि पुढे विकतो. भाव पडला तर तोटा त्याचा, चढला तर नफा त्याचा. अडत्या दुसऱ्याचा माल विकून देतो आणि त्या कामाबद्दल अडत, म्हणजे कमिशन, घेतो. माल त्याच्या ओट्यावर उतरला तरी त्याच्या मालकीचा होत नाही. दलाल हा त्याहूनही अलिप्त असतो, कारण तो घेणारा आणि देणारा यांची गाठ घालून दलाली घेतो आणि माल त्याच्याकडे उतरेलच असे नाही. मापाडी आणि हमाल बाजार समितीच्या आवारात सतत दिसतात, पण ते विकणारे नव्हेत. बातमीत 'बाजारातील व्यापारी, अडते, मापाडी, हमाल' असे एका दमात लिहिले तरी त्यांची कामे वेगळी आहेत, हे लिहिणाऱ्याने विसरू नये.

बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा आहे आणि त्या चौकटीत व्यापारी व अडत्या हे दोन वेगळे परवाने असतात. गोंधळ होतो तो यामुळे, की एकच पेढी पुष्कळदा दोन्ही कामे करते : सकाळी शेतकऱ्याचा माल अडतीवर विकायचा आणि दुपारी स्वतःसाठी खरेदी करायची. अशा वेळी 'व्यापारी की अडत्या' हे माणसावरून ठरत नाही, त्या दिवसाच्या त्या व्यवहारावरून ठरते, आणि म्हणून हिशेबपट्टी समोर ठेवूनच लिहावे. फळे आणि भाजीपाला यांची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय महाराष्ट्रात २०१६ मध्ये झाला. त्यामुळे 'अडत कापली' या वाक्यात कोणाची कापली हे लिहिणे आता पूर्वीपेक्षा अधिक गरजेचे झाले आहे. 'अडत' आणि 'आडत' अशी दोन्ही रूपे छापलेली दिसतात. कोणतेही घ्या, पण एकाच मजकुरात दोन्ही नकोत.

खान्देशात या यादीत आणखी एक माणूस येतो, तो म्हणजे खेडा खरेदीदार. कापूस वेचून घरात येऊन पडला की हा वाहन आणि काटा घेऊन गावातच येतो, दारात माप करतो आणि माल पुढे सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगला घालतो. त्याला नुसते 'व्यापारी' म्हटले तर चूक होत नाही, पण वाचणाऱ्याला व्यवहार बाजार समितीच्या आवारात झाला असे वाटू शकते. 'खेडा खरेदीत कापूस दिला' एवढे म्हटले की चोपड्यापासून शिरपूरपर्यंत कोणालाही कळते की लिलाव झाला नाही, काटा घेणाऱ्याचा होता आणि भाव घराच्या ओट्यावर बसून ठरला.

आता स्वतः पिकवून विकणाऱ्याचे काय? आठवडे बाजारात स्वतःच्या रानातली मेथी घेऊन बसलेल्या बाईला 'भाजी व्यापारी' म्हणणे सरळ चूक आहे; ती शेतकरी आहे आणि त्या दिवसापुरती विक्रेती आहे. रावेर-यावलकडे तर याहून गमतीची गोष्ट दिसते. केळीचा व्यवहार बहुधा बागेवरच होतो. व्यापारी येतो, बोर्डाच्या, म्हणजे रोज जाहीर होणाऱ्या, भावाचा आधार धरून बोलणे होते, कटाई होते आणि गाडी भरून निघते. लाखो रुपयांचा माल विकणारा इथे शेतकरी असतो, पण त्याला 'केळी विक्रेता' कोणीही म्हणत नाही, तो 'केळी उत्पादक' असतो. त्याच केळीच्या डझनभर फण्या लोटगाडीवर, म्हणजे हातगाडीवर, मांडून बसलेला मात्र 'केळी विक्रेता' ठरतो. मराठीत 'विक्रेता' हा शब्द विकण्याच्या क्रियेला नव्हे तर विकण्याच्या धंद्याला लागतो, हे या एका उदाहरणावरून ध्यानात राहते. जमिनीच्या खरेदीखतातही हेच दिसते : एकर-दोन एकर विकणाऱ्या माणसाला तिथे परंपरेने 'लिहून देणार' म्हणतात आणि घेणाऱ्याला 'लिहून घेणार'.

बियाण्यांच्या बाबतीत शब्द चुकण्याची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते, म्हणून येथे थोडे थांबतो. कपाशीचे बियाणे उगवले नाही की शेतकरी संतापाने लिहितो, 'दुकानदाराने फसवले.' प्रत्यक्षात त्या पिशवीमागे तीन जण असतात : बियाणे तयार करणारी उत्पादक कंपनी, ते जिल्ह्यात पोहोचवणारा वितरक आणि बिल फाडून देणारा विक्रेता. तक्रारीत तिघांचा उल्लेख ज्याच्या त्याच्या नावाने करावा, आणि बिलाचा दिनांक व पिशवीवरचा लॉट क्रमांक विक्रेत्याच्या नावालगतच लिहावा. सरकारी कागदांत या दुकानदाराला 'कृषी निविष्ठा विक्रेता' म्हणतात, बोलताना 'कृषी केंद्रवाला' म्हणतात. एकाच दुकानात सगळे मिळत असले तरी बियाण्यांचा परवाना १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाखाली, खतांचा १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली आणि कीटकनाशकांचा १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाखाली असतो. म्हणून तक्रार बियाण्याची असेल तर 'बियाणे विक्रेता' असेच लिहावे. 'खत विक्रेता' लिहिले तर माणूस तोच असूनही कागद दुसऱ्या टेबलावर जाण्याची शक्यता असते.

दुकानात माल काढून देणारा प्रत्येक जण विक्रेता नसतो, हेही येथेच सांगितले पाहिजे. गल्ल्यावर बसतो तो मालक किंवा मालकाचा माणूस. कापड उलगडून दाखवतो तो नोकर किंवा सेल्समन. कंपनीच्या वतीने दुकानोदुकानी फिरतो तो विक्री प्रतिनिधी. मोबाइलवरून वस्तू मागवली तर बिलावर विक्रेत्याचे नाव वेगळे आणि ज्या ॲपवरून मागवली त्याचे नाव वेगळे असते. ई-वाणिज्याचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियमही हे दोघे वेगळे धरतात. तक्रारीत दोन्ही नावे हवीत.

कोठे बसतो?

दुकानाला छप्पर आणि पत्ता असेल तर 'दुकानदार' हा शब्द बहुतेक ठिकाणी चालतो. अडत्या आणि सराफ यांच्या बैठकीला 'पेढी' म्हणतात. किराण्याच्या दुकानाला पेढी म्हटले तर हसू येईल. धान्याच्या ठोक व्यवहाराला 'भुसार' हा खास शब्द आहे, त्यामुळे जळगावच्या दाणा बाजारात गहू-ज्वारीची पोती विकणारा 'भुसार व्यापारी' होतो आणि कॉलनीत त्याच ज्वारीचे पाच किलो देणारा 'किराणा दुकानदार'. रेशनच्या दुकानाला तोंडी 'कंट्रोल' म्हणण्याची सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही. कागदावर मात्र तो 'कंट्रोलवाला' राहत नाही, 'रास्त भाव दुकानदार' होतो.

जळगावच्या वर्तमानपत्रांत 'गाळेधारक' हा शब्द इतका येतो की नवख्या वाचकाला ती दुकानदारांची एखादी जात वाटावी. हा शब्द माणसाचे गिऱ्हाइकाशी नव्हे, महापालिकेशी असलेले नाते सांगतो : गाळा पालिकेचा, धारण करणारा हा. भाडे, करार, नूतनीकरण यांच्या बातमीत 'गाळेधारक' लिहावे. त्याच माणसाने दिवाळीत भाव वाढवला अशी बातमी असेल तर तो 'दुकानदार' किंवा 'विक्रेता' झाला पाहिजे.

रस्त्यावरच्या विक्रीला मात्र शब्दांची अडचण नाही, उलट गर्दी आहे. फेरीवाला फिरतो, किंवा निदान फिरावा अशी शब्दाची अपेक्षा असते. पथारीवाला जमिनीवर कापड अंथरून बसतो. टपरीवाल्याची लाकडी किंवा पत्र्याची टपरी असते आणि ती बहुधा चहाची किंवा पानाची असते. यात्रेत आणि आठवडे बाजारात पाल ठोकून बसणाऱ्याला नुसते 'पालवाला' म्हणतात. पुण्याकडे जिला हातगाडी म्हणतात तिला धुळे-जळगावकडे लोटगाडी म्हणतात, आणि महापालिकेच्या कारवाईची बातमी आली की त्यात 'लोटगाडीधारक' येतात. हा शब्द गावठी समजून संपादकाने 'हातगाडीधारक' करू नये, असे माझे मत आहे; ती गाडी लोटावी लागते, ही गोष्ट त्या नावातच आहे, आणि धुळ्याच्या पाचकंदील परिसरातल्या गर्दीतून गाडी बाहेर काढणाऱ्याला तो शब्द अधिक पटेल.

या सर्वांना मिळून कायद्याने एकच शब्द दिला आहे : पथविक्रेता. २०१४ च्या अधिनियमानुसार पथविक्रेत्यांची पाहणी करावी लागते, विक्री प्रमाणपत्र द्यावे लागते आणि नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात. म्हणून निवेदन लिहिताना 'आम्ही फेरीवाले' यापेक्षा 'आम्ही पथविक्रेते' असे लिहिणे शहाणपणाचे, कारण एका जागी बसणारा आणि फिरणारा असे दोघेही त्यात येतात आणि 'तुम्ही तर फिरत नाही, मग फेरीवाले कसे?' हा प्रश्न उभाच राहत नाही. बातमीत मात्र याच माणसाला कधी 'अतिक्रमणधारक' म्हटले जाते. तो शब्द वर्णनाचा नाही, आरोपाचा आहे. प्रमाणपत्र आहे की नाही हे पाहिल्याशिवाय वापरू नये.

'-वाला' आणि 'विक्रेता'

'-वाला' हा प्रत्यय विकणे सांगत नाही, संबंध सांगतो. दूधवाला दूध विकतो, पण पाणीवाला बहुधा फक्त पाणी सोडतो. गाडीवाला गाडीचा मालकही असू शकतो, चालकही. पेपरवाला म्हटले की घरी अंक टाकणारा मुलगा आठवतो आणि मोर्चात कोणी 'पेपरवाले आले' म्हणाले की बातमीदार. म्हणून ज्या लेखनात जबाबदारी ठरणार आहे तिथे '-वाला' टाळावा. बोलण्यात आणि ललित लेखनात तो बिनधास्त यावा, कारण 'भाजी विक्रेता आला, पातेले आण' असे घरात कोणी म्हणत नाही.

उलट काही ठिकाणी 'विक्रेता' हाच रुळलेला शब्द आहे आणि '-वाला' तिथे बसतच नाही. मुद्रांक विक्रेता हे त्याचे नमुनेदार उदाहरण. बोलताना 'स्टॅम्पवेंडर' म्हणतील, 'मुद्रांकवाला' कधीही म्हणणार नाहीत. औषधांच्या बाबतीत दोन्ही टोके जिवंत आहेत : संघटनेच्या फलकावर 'औषध विक्रेता' आणि घरात 'मेडिकलवाला'. वृत्तपत्र विक्रेत्यांनी तर आपल्या नावाचा दिवसच करून घेतला आहे. १५ ऑक्टोबरला 'वृत्तपत्र विक्रेता दिन' साजरा होतो. त्या दिवशीच्या सत्काराच्या बातमीत 'पेपरवाल्यांचा सत्कार' असे छापणे बरे दिसणार नाही.

रूपे लिहिताना हमखास चुका होतात त्या अशा. 'विक्रेताने', 'विक्रेतांना' ही रूपे अशुद्ध आहेत. विक्रेत्याने, विक्रेत्यांना असे लिहावे. स्त्री विक्रेती, अनेक स्त्रिया विक्रेत्या. 'महिला विक्रेत्यांना' असे लिहिण्याची पद्धत आहे ती यासाठी, की अनेकवचनात विभक्ती लागल्यावर स्त्री-पुरुष दोन्ही रूपे सारखीच होतात. 'व्यापारी' चे अनेकवचन 'व्यापारी'च, पण पुढे प्रत्यय आला की 'व्यापाऱ्यांना', आणि त्यातला ऱ्य आचाऱ्यांचा, आचार्यांचा नव्हे. 'व्यापार्यांना' असे छापलेले दिसते तेव्हा ते वाचायचे कसे हा प्रश्नच पडतो. '-वाला' नेहमी जोडून लिहावा : भाजीवाला, भाजीवालीला, भाजीवाल्या. मध्ये जागा सोडून 'भाजी वाला' लिहिण्याची सवय हिंदी पाट्यांवरून आली आहे.

धंदा आणि जात

तेली, तांबोळी, कासार, वाणी, बागवान, मणियार, सोनार ही मुळात कामाची नावे. आज ती समाजांची आणि आडनावांची नावे आहेत. खान्देशात वाणी आडनावाचा माणूस डॉक्टर असतो आणि तेलाचा घाणा भलत्याच कोणाचा असतो. 'वाण्याकडून साखर आण' हे वाक्य जुन्या पिढीच्या तोंडी जातीचा विचार न येता सहज येते आणि त्यात वावगे काही नाही, पण लेखी मजकुरात 'किराणा दुकानदार', 'फळविक्रेता', 'बांगडी विक्रेता' हेच लिहावे. दुकानदारासाठी किंवा सावकारासाठी 'मारवाडी' हा शब्द वापरण्याची सवय तर सोडूनच द्यावी. तो ना धंदा सांगतो ना माणूस, फक्त लिहिणाऱ्याचा ग्रह सांगतो.

सोन्याच्या व्यवहारात मात्र फरक जपण्यासारखा आहे. सोनार घडवतो, सराफ विकतो. सराफ हा अरबीतून आलेला शब्द मुळात नाणी पारखून बदलून देणाऱ्याचा. पुढे तो सोन्याचांदीच्या व्यापाऱ्याचा झाला. जळगावच्या सराफ बाजारात खरेदी करून आलेला माणूस 'सोनाराकडून घेतले' म्हणतो तेव्हा त्याला बहुधा सराफच म्हणायचे असते. मजुरीबद्दल किंवा घडणावळीतल्या दोषाबद्दल लिहायचे असेल तर मात्र दोघांपैकी कोण, हे विचारून घ्यावे.

काही शब्द एखाद्या मालापुरतेच उरले आहेत. गुरांच्या व्यापाऱ्याला 'हेडी' म्हणत, तो शब्द आता म्हाताऱ्यांच्याच तोंडी ऐकू येतो. 'सौदागर' बहुतेक ठिकाणी अलंकारापुरता उरला असला तरी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत भरणाऱ्या घोडेबाजाराबद्दल लिहिताना 'घोड्यांचे सौदागर' असे कोणी लिहिले तर ते ओढूनताणून आणल्यासारखे वाटत नाही.

पाटीबद्दल दोन वाक्ये पुरेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर राज्यातील सर्व दुकानांना देवनागरीत मराठी पाटी लावणे बंधनकारक झाले, आणि पुष्कळांनी 'ट्रेडर्स'ला 'ट्रेडर्स' असेच देवनागरी नेसवून वेळ मारून नेली. 'धान्याचे ठोक व किरकोळ विक्रेते' ही पाटी वाचताच आत काय मिळते आणि किती घ्यावे लागते हे कळते, 'ट्रेडर्स'वरून यातले काहीच कळत नाही.

समोर उभे राहिल्यावर

इतके शब्द शिकल्यानंतर प्रत्यक्ष बाजारात यांपैकी एकही हाकेसाठी वापरायचा नसतो. 'अहो विक्रेते' हे हास्यास्पद आणि 'ए भाजीवाली' हे उद्धट. पेढीवरच्या किंवा किराण्याच्या दुकानदाराला 'शेठ', लोटगाडीवाल्याला 'भाऊ' किंवा 'दादा', वय झालेल्याला 'आबा', 'अण्णा' किंवा 'बापू', भाजी घेऊन बसलेल्या बाईला 'मावशी' किंवा 'ताई', आणि अहिराणी बोलणाऱ्या गावात 'माय'. भाव विचारताना 'मेथीची किंमत काय आहे?' असे विचारले की परगावचा माणूस ओळखू येतो आणि भावही परगावचाच सांगितला जातो. 'मावशी, मेथी कशी दिली?' असे भूतकाळात विचारावे, किंवा अहिराणीत 'काय भाव शे, माय?'

ती मात्र आपल्याला 'ग्राहक' म्हणत नाही. ग्राहक पंचायतीत आणि कायद्यात असतो. तिच्या तोंडी 'गिऱ्हाईक' असते आणि ते नपुंसकलिंगी असते, 'सकाळपासून एक गिऱ्हाईक आलं नाही' असे. त्यात अपमान मानू नये. आणि सकाळच्या पहिल्या विक्रीला ती 'भवानी' म्हणते, म्हणून 'अजून भवानी व्हायची आहे, भाऊ' असे कानावर आले तर जुडीमागे दोन रुपयांची घासाघीस तिथेच थांबवून पैसे द्यावेत. ती नोट कपाळाला लावून मगच पिशवीत ठेवील.